सुलाबाईच्या कॅसेटमध्ये सुलाबाई कुठाय?

...तेच तर म्हणतोय, कव्हरवर फोटो आमच्या सुलाबाईचा, नाव तिचं, आणि आत? आत ती शोधून दाखवा! तुम्हाला सांगतो, नाशिकरोडच्या अख्ख्या कॉलनीत मी बोंबलत फिरलो होतो, बायकोची कॅसेट निघतेय, मुंबईची कंपनी, हळदीची आठ गाणी, आणि दर गाण्याला जोडीला एक बडा कलाकार! गझलवाले खाँसाहेब काय, सिनेमातल्या बाई काय, एक गिटारवाला तर केस पार कमरेपर्यंत... हळदीला गिटार, आता बोला!

मला काय हवं होतं? एवढंच, की चांदवडला सासूबाईंनी ती ऐकावी. हळदीत गाणाऱ्या बायकांची म्होरकी भिमाबाई पुढं गाणार आणि ही मागून झील धरणार, म्हणजे तीच ओळ उचलून म्हणणार, हे वीस वर्षं चाललं. म्हटलं, एकदा तरी पुढची ओळ हिची असू दे, आणि ती आईच्या कानावर पडू दे.

आणि हिनं स्टुडिओत काय केलं? आमच्यात बाहेरून कोणी गायला आलं की पुढची ओळ त्याला द्यायची, तो मान. ही प्रत्येकाला हात जोडून म्हणाली, "तुम्ही आधी म्हणा." आणि ते म्हणाले की हो! आठच्या आठ! खाँसाहेब गाण्यात हळद लावता लावता असे काही रडले, की नवरी पळून गेली असती. आणि आमची ही मागून झील धरतेय, आता बोला!

तरी दोघं चांदवडला गेलो. एसटीनं, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. सासूबाईंनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या. मी म्हटलं, झोपल्या वाटतं... तर म्हणाल्या, "यातबी मागंच हाय व्हय गं तू? बंद करा ते, जावई. सुले, तू म्हन. झील मी धरते."

सुलाबाईनं पदर खोचला आणि पुढची ओळ म्हटली. आणि ऐंशीची ती म्हातारी मागून ओळ उचलायला लागली... अहो, माझ्या अंगावर काटा आला! एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मी लगेच, कॅसेट पुन्हा भरता यावी म्हणून, तिच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले, खाँसाहेबांपासून गिटारवाल्यापर्यंत सगळ्यांना पुसून त्यांच्यावरच रेकॉर्डिंग लावलं, आणि टेप मांडीवर घेऊन बसलो.

काल कॉलनीला गोळा करून ऐकवली. सुलाबाई लांबून येतेय, सासूबाई त्याहून लांबून, आणि सगळ्यांच्या वर, खणखणीत, ओळीओळीला: "वा! वा! क्या बात है!"

मीच, दुसरा कोण? आठ बडे कलाकार पुसले आणि नववा घरातूनच निघाला. आता बोला.