पळसटोल्याच्या मैदानातली शिटी

पोलीस ठाणे, कोसमघाट
जबाब देणार : देवाजी सोनबा गुरनुले, वय ७४ वर्षे, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार मौजा पळसटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर

मी कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की, घुंगरमाळांचा आवाज मला लहानपणापासून ओळखू येतो. पळसटोल्याच्या शाळेमागे शंकरपट भरत असे. बैलजोड्या ज्या सरळ पट्टीवर पळत, तिला आमच्याकडे दाण म्हणतात. जोडी सुटली की तो आवाज आधी जमिनीतून यायचा, मग खिडकीतून. आमचे गुरुजी तेवढ्यापुरते थांबत आणि कवितेची पुढची ओळ त्याच लयीत म्हणवून घेत. ती कविता मला अजून पाठ आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार ललिताबाई मडावी यांनी "गुरुजी, कविता राहू द्या, मुद्द्यावर या," असे सांगितल्याने ती येथे घेतलेली नाही.

सदर दाणीच्या जागेवर चार वर्षांपूर्वी शासनाच्या निधीतून क्रीडा संकुल झाले. जागा गावाची, खर्च सरकारचा आणि चालवायला बाहेरची एक खासगी संस्था. करारनामा ग्रामसभेत मीच वाचून दाखवला होता, कारण माझा आवाज चांगला आहे असे सरपंच म्हणाले. त्यात असे होते की, रोजच्या वापराने झालेली झीज संस्थेने दुरुस्त करायची. मात्र बाहेरच्या कोणी नुकसान केले, तर दुरुस्ती सरकारने करून द्यायची. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. त्या करारासाठी होत्या की आवाजासाठी, हे मला सांगता येणार नाही.

आत जायला महिन्याचे कार्ड काढावे लागते. माझी नात दामिनी पोलीस भरतीची तयारी करते. तिने कार्ड काढले होते. मागच्या पावसाळ्यात धावपट्टीचे लाल रबर फुगून पापुद्र्यासारखे सुटले होते. त्यात पाय अडकून ती पडली व घोटा मोडला. आता ती मूलच्या रस्त्यावर धावते; बाजूने धानाचे ट्रक जातात. धावपट्टी त्यानंतरही कोणी दुरुस्त केली नाही. संस्थेचे व्यवस्थापक चंदन साहेब यांना मी विचारले असता ते हसून म्हणाले, "हो जाएगा, गुरुजी. रास्ता निकलेगा." रस्ता कोणता, ते मला तेव्हा कळले नाही.

दिनांक १७ जानेवारी रोजी सायंकाळी मी शेजारी हेमराज लेनगुरे याच्या अंगणात बसलो होतो. हेमराजकडे पटाची जोडी आहे. पट बंद झाला तरी त्याने ती विकली नाही. संकुलाचा चौकीदार दसरू उसेंडी सायकलीवर आला व म्हणाला, "हेमराजभाऊ, साहेबाले जोडीचा फोटू पायजे. सकाळी घुंगरू बांधून, छकडा जुपून आनजो."

हेमराज म्हणाला, "फोटू बैलाचा का माहा?"

"बैलाचा. तुह्या थोबाडाचा फोटू कोन काढते?"

हे मी माझ्या कानांनी ऐकले. आम्ही तिघेही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभा होतो. एरवी फाटकाची लहान खिडकी तेवढी उघडतात. त्या दिवशी दोन्ही फाटके सताड उघडी होती. दसरू फाटकाशी होता. हेमराजने जोडी आत नेली, तेव्हा प्रेक्षकांसाठीच्या वरच्या पायऱ्यांवर तीन माणसे मोबाइल रोखून आधीच उभी होती. त्यांच्यासोबत चंदन साहेब होते. बैल धावपट्टीवर येत असताना "थांबा" असे कोणीही म्हटले नाही. हेमराजने जोडी पूर्वी पट जिथून सुटत असे, त्याच टोकाला उभी केली. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. आमच्या गावचा कोणीही माणूस जोडी तिथेच उभी करील.

त्यानंतर शिटी वाजली आणि जोडी सुटली. पटाच्या बैलांना शिटी पुरते.

शिटी कोणी वाजवली, असे मला विचारण्यात आले. मी ते पाहिले नाही. घुंगरांचा आवाज जमिनीतून आला, तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा जोडी पलीकडच्या टोकाला गेली होती आणि रबराचे सुटलेले पट्टे छकड्याच्या चाकांत गुंडाळले होते.

दुपारी हेमराजला ठाण्यात आणले. बैल कोंडवाड्यात आहेत. सरकारी मालमत्तेची नासधूस केली, अशी संस्थेची तक्रार आहे, आणि पूर्ण धावपट्टी सरकारकडून नवी मिळावी, अशी मागणीही झाल्याचे ऐकतो. चंदन साहेब म्हणतात की जोडी कोणी बोलावलीच नव्हती. दसरूने हेमराजशी संगनमत करून फाटक उघडले व तो पळून गेला, असेही ते म्हणतात. दसरू त्याच दुपारपासून दिसलेला नाही. त्याचा फोन बंद आहे. ज्याला पळायचे, तो आपली सायकल फाटकाशी ठेवून जात नाही, असे मला वाटते. सायकल आजही तिथेच आहे.

हेमराजची आई ठमाबाई काल माझ्याकडे आली होती. ती म्हणाली, "पोरं आत जातो म्हनते तं मैदान खासगी, अन् बैलं गेले तं सरकारी. हे कोनतं मैदान हाय, गुरुजी?" म्हणून मी आज ठाण्यात आलो. साक्षीला यायला गावात कोणी तयार नाही. काहीजण संकुलात कामाला आहेत, बाकीच्यांना लागायचे आहे.

धावपट्टी बैल येण्याच्या आधीच फाटलेली होती आणि हेमराजला बोलावून आणले होते, हे माझे सांगणे आहे. यावर ललिताबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही ऐकलं दसरूचं. साहेबाचं काहीच ऐकलं नाही. अन् ऐन वेळी डोळे मिटून बसले. एवढ्यावर हेमराज सुटत नाही." हे बरोबर आहे. तरी दसरूचा शोध घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तो लपला आहे की त्याला लपवले आहे, याचाही शोध घ्यावा.

वरील मजकूर ललिताबाईंनी मला ऐकू येईल अशा आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, कोणाच्या भीतीने वा लोभाने काही घातले अगर गाळले नाही. कविता तेवढी गाळली आहे.

सही करण्यापूर्वी माझ्या विनंतीवरून पुढील मजकूर वाढवण्यात आला : मी पेन हातात घेतले असता ठाण्याच्या दारात दसरू उसेंडी येऊन उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते. ललिताबाईंनी "कुठी होता रे?" असे विचारले असता तो म्हणाला, "साहेबानं गाडीत बसवून सिरोंच्याकडं कामाले धाडलं, फोन ठेवून घेतला. काल कोनी तरी सांगतलं का हेमराजभाऊ आत हाय. बाई, माहा बी जबाब लिवा. शिटी कोनं वाजवली, ते मी पाह्यलो."