आषाढातला बांगडा

आमची आई कारवारची. आषाढात मासा घेणं म्हणजे तिच्या लेखी पाप. पंच्याण्णव साली मे लागताच घर बंद करून ती आमच्याकडे येलहंक्याला आली. आषाढात मी तिला गोठवलेल्या माशांच्या दुकानात नेलं, हीच माझी चूक. दगडासारख्या बांगड्याचा कल्ला उघडेना, तशी ती दुकानदारावर भडकली. "अंड्यावरचे मासे धरता, लाज नाही वाटत?"

तो म्हणाला, "अम्मा, स्वल्प ऐका. कारवारच्या छोट्या होडीवाल्यांनी मेअखेरीस पकडलेला आहे. आता होड्या वर ओढून ठेवल्यात त्यांनी."

"मेअखेरीस?"

बोटं गारठली तरी आईने बांगडा सोडला नाही. मग मला म्हणाली, "हा घे. माझ्यानंतर निघालाय गावाहून."