गिझरच्या टाकीतली कांडी

गिझर दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. मोठीच्या हातात झिजून बारीक झालेली धातूची कांडी होती.

"ताई, हे काय गं?"

"मॅग्नेशियम. टाकीत असतं. पाणी आधी याला खातं, म्हणून लोखंडाची टाकी वाचते."

"मग तांब्याची कांडी बसव ना, टिकेल तरी."

"शहाणीच आहेस! तांबं टिकेल आणि टाकी गंजेल."

"किती वर्षं चालली ही?"

"आई अंथरुणाला खिळली तेव्हा बसवली. चार झाली."

"तेव्हापासून तूही कुठं गेली नाहीस."

"जाणार कुठं?"

"ताई, आईला आता मी नेते."

"तुझ्याकडे जागा कुठंय?"

"लेक हॉस्टेलला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे."

"म्हणजे दोन वर्षं?"

"हो."

"सरक पुढे. आपला नंबर आला."