सोनबोटीची मूठ

माझं माहेर कसाऱ्याकडचं, घाटाच्या पायथ्याला, दिसभर गाडीचा आवाज कानात, इंजिन चढावर दमलंय का बरं चाललंय ते आमी पोरं चुलीपाशी बसून वळखायचो, बगायची गरजच नाय. काय सांगू तुमाला, शाळा नाय शिकले पन कान तिथंच तयार झाला. मंग लगीन होऊन इकडं मुरबाडच्या अंगाला आले, काळू नदीच्या काठी. भात लावायचं, नाचनी करायची, आनि शेतातनं मोकळं झालं की हाताला मिळंल ते काम.

आनि मंग ती बोट आली. बोट म्हंजे तुमी मासेमारीची नका समजू, घराएवढी लोखंडाची, आनि तिच्या तोंडाला बादल्यांची साखळी, रहाटाला गाडगी असतात ना तशी. ती खाली नदीत जायची, तळ खरवडायची आनि वर यायची. ती बोट मुळात सोनं काढायची. खाली दक्षिनेत कुठं तरी नदीच्या गाळातून सोनं काढत होती म्हने, तिकडचं सोनं सपलं, बोट भंगारात निघाली, आनि आमच्या ठेकेदारानं ती उचलून इकडं आनली रेती काढायला. आमी तिला सोनबोटच म्हनायचो. सोन्याचा एक कन नाय बघितला आमी, पन नाव पडलं ते पडलं.

बोटीवर आमी पाच-सहा बाया. वरून रेती चाळनीवर पडायची, आमी दगडगोटे येचून बाजूला टाकायचं. पायऱ्या चढायच्या आधी चपला काठावर काढायच्या, हा आमचा नेम. जिच्यावर पोट चालतं तिच्यावर चप्पल घालून पाय कसा ठेवायचा? खंडेनवमीला तिला हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ, आनि त्या दिशी तिला हात नाय लावायचा, तिची सुट्टी.

बोटीसंगट एक म्हातारा मिस्तरी आलता, साखळीचा दांडा ओढून बोट तोच चालवायचा. त्याला आपली भाषा धड येत नव्हती, आपल्याला त्याची नाय, पन मानूस सोन्यासारखा. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. ठेकेदाराला कळलं तर घरी धाडील म्हनून तो कोनाला सांगत नव्हता, पन मी बगत होते, बादली खडकावर आपटून साखळी हिसके खायची तरी त्याला दिसायचं नाय. एक दिवस साखळीचा आवाज बदलला, मी चाळनीवरून वरडले, मिस्तरी थांबव, खाली कातळ हाय! त्यानं दांडा सोडला, बगितलं तर खरंच, अजून एक फेरा घेतला असता तर साखळी तुटून कोनाच्या तरी डोक्यात बसली असती. त्यानं मला जवळ बोलावलं, मोडकंतोडकं म्हनला, बाई, तुज्याकडं कान हाय, इकडं ये.

तवापासून दांडा माझ्या हातात. मिस्तरी बाजूला स्टुलावर बसायचा, मी ओढायची. ठेकेदाराची जीप काठावर दिसली की तो उभा राहून दांडा धरायचा आनि मी पळत चाळनीवर. चार हंगाम मी ती बोट चालवली बगा, पन नाव सगळं मिस्तरीचं. त्याचा मला राग नाय, त्यानं मला चालवायला शिकवलं, कोन शिकवतं?

चैतात तो दांडा असा तापायचा की हाताला फोड यायचे. मिस्तरीकडं चामड्याचा हातमोजा होता, माझ्याकडं काय? मी माझ्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली, लाल काठासकट, आनि दांड्याला घट्ट गुंडाळली. खालच्या अंगाला गाठ मारली. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते, सासू म्हनायची ही गाठ सोडवायची म्हंजे दुसरा जन्म घ्यावा लागंल. वरून मिस्तरीनं पातळ डांबर लावलं, निघू नये म्हनून.

मंग नदीतली रेती काढायची बंद झाली. मिस्तरी त्याच्या गावी गेला, बोट तशीच चिखलात रुतली, वर वेली चढल्या. आमची मानसंही विसरली. आमचे हे गेले, घरात त्यांना एकट्यांना ठाव होतं मी दांडा ओढायची ते, बोलले नाय कधी, पन संध्याकाळी माझ्या हाताला खोबरेल लावायचे. पोरगा, बाळाराम, तवा लहान. मोठा झाल्यावर मी सांगायला गेले तर हसायचा, म्हनायचा आये, चाळनीवर होतीस ना गो, कशाला थापा मारतेस. आता तो मुरबाड-कल्यान जीप चालवतो, त्याला वाटतं लोखंड चालवायचं म्हंजे पुरषाचं काम.

आनि त्याचीच पोरगी, माझी नात अश्विनी. धाव्वी पास झाली, आयटीआयचा फारम भरला, नंबर लागला फिटरला. बाळाराम म्हनला, फिटर नाय, शिवनकाम घे, पोरीच्या जातीला कानस-हातोडी शोभते का, लोक काय म्हनतील. पोरगी रडून रडून लाल. सोमवारी जाऊन ॲडमिशन पक्की करायची शेवटची मुदत, नायतर सीट जानार. मी मधी बोलले तर म्हनला, आये, तुला यातलं काय कळतंय?

मला ते लागलं. खरं सांगते, लई लागलं.

आमच्या नदीकाठची जमीन कोनी तरी शहरातल्या मानसानं घेतलीय, तिथं पर्यटन का काय केलंय. त्यानं क्रेन लावून आमची बोट चिखलातून काढली, वेली तोडल्या, पिवळा रंग दिला आनि बगायला ठेवली. लांबून गाड्या येतात. पोरांना घमेल्यात रेती देतात धुवायला, तीत पितळेचा भुसा टाकलेला, सोनं मिळालं म्हनून नाचतात बिचारी. मी म्हनले, बाळाराम, रविवार हाय, मला एकदा बोट दाखव, पोरीला पन घे. नाय कशी म्हननार, निघालो जीपनं.

बोटीपाशी गेले आनि सवयीनं चपला काढल्या. मागं शहरातल्या मानसांची लाइन होती, मी काढल्या म्हनून पयल्या बाईनं काढल्या, तिला बगून तिच्या नवऱ्यानं काढल्या, करता करता सगळी लाइन अनवानी! मॅनेजर धावत आला, अहो चपला घाला, पत्रा तापलाय. कोन ऐकतंय, लोकांना वाटलं देवाचीच बोट हाय.

वर गेलो. मॅनेजर माहिती द्यायला लागला, ही सोनं काढायची बोट, ही साखळी, हा मेन दांडा, आनि ही त्याची कंपनीची मूळ रबरी मूठ. मी म्हनले, रबर नाय दादा, ते माझं लुगडं हाय. सगळे हसले. बाळारामानं माझा दंड धरला, म्हनला, आये चल, लोक हसतात. मी हात सोडवून घेतला. म्हनले, हिरवं लुगडं, लाल काठ, खालच्या अंगाला गाठ, आनि गाठ डावरी. नसंल तर मी परत तोंड उघडनार नाय, आनि पोरगी शिवनकाम शिकंल.

बोलले आनि मंग मनात आलं, एवढ्या वर्सांत उंदरानं खाल्लं असंल तर? पोरीचं नशीब मी एका चिंधीवर लावलं होतं बगा.

मॅनेजर रंग खरवडू देईना. अश्विनी म्हनली, काका, खालचा रंग तसाबी सुटलाय, तेवढंच बगते. केसातली पिन काढली, वाकली, पोपडा उचलला. आत काळं डांबर. तिनं हळूहळू कोरलं आनि आतून हिरवा धागा निघाला, मंग लाल. गाठ तशीच. पोरगी खालूनच वरडली, आजी, उलटी हाय गो गाठ, तुझीच हाय!

कोनी हसलं नाय मंग. बाळाराम पुढं आला, त्यानं त्या मुठीवर आपला हात ठेवला. मला वाटलं आता काय बोलतोय. तर म्हनला, आये, हा ओढला की काय व्हायचं?

मंग मी सांगितलं. साखळी खाली कशी सोडायची, बादली भरली की आवाज जड होतो, कातळ लागला की दातावर दात घासल्यागत येतो, तवा सोडायचा. सगळी लाइन ऐकत होती, मॅनेजरपन. मला रडू आलं, आनि आनंदबी लई झाला, चार हंगाम मी जे लपवत होते ते भर उन्हात बोलत होते.

घरी येताना बाळारामानं पोरीला एवढंच इचारलं, उद्या कागद काय काय लागतात. सोमवारी पयल्या फेरीला तिला पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेला.

आता जाते ती रोज. पयले महिने नुसती कानस घासायची, तळहाताला फोड. मी माझ्या पातळाची पट्टी फाडून दिली, तिनं कानशीच्या मुठीला बांधली. सरांनी इचारलं, हे काय. म्हनली, आमच्या घरची पद्धत हाय, माझी आजी बोट चालवायची. कुठंच लपवलं नाय पोरीनं.

चांगलं होवो तिचं, तुमचंपन होवो, एवढा टाइम बसून ऐकलंत. लिवताय ते लिवा, पन वर नाव नीट घाला. मिस्तरीचं नाय. माझं, गुलाबचं.