कुठे गेले?

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. साथीच्या काळात सरकारी यंत्रणेने काम कसं केलं, ते तपासायला आलेले साहेब खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"आजी, तुमच्या वस्तीत काम चांगलं झालंय. साथीत मृत्यू एकही नाही."

"एकही नाही?"

"नाही. फक्त तुमचे यजमान आजारी असताना नियम मोडून घरातून निघून गेले, तेवढंच गालबोट."

"निघून गेले? अहो साहेब, देवाशपथ सांगते, त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नव्हता."

"फोनवर तुम्हीच तसं सांगितलंत म्हणे."

"सिस्टरबाईंनी विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, गेले."

"मग?"

"त्या म्हणाल्या, कुठे गेले? बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं होतं ना? मी फोन ठेवून दिला. त्यांना तरी काय बोल लावू? घरोघरी फोन करून घसा बसला होता बिचारीचा."

"आणि यजमानांना नेलं कोणी?"

"नगरपालिकेच्या गाडीने."

"ते खातं वेगळं. त्यांनी आम्हाला कळवलंच नाही."

"आता मी कळवते ना. जन्मात कधी कुणाची रांग मोडली नाही हो त्यांनी. त्यांना पळपुटं नका ठरवू."

"नाही ठरवत. पण मग एकही मृत्यू नाही, हे खोडावं लागेल. काय लिहू? गेले?"

"नको. वारले असं लिहा. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही."