'आई' की 'वडील'?

कात्रजच्या त्या शाळेचं पोर्टल मी केलं ना, त्यातलं एक तुम्हाला सांगायचं राहिलंच. मुख्याध्यापिकाबाईंना पालकांसाठी दोन वेगळी पानं हवी होती. वडिलांना फी आणि सूचना दिसाव्यात, आईला डबा आणि तब्येत. मी विचारलं, "बाई, वडील डबा बघणारच नाहीत का?"

"बघत असते तर दोन पानं कशाला मागितली असती?"

पहिल्या दिवशी मी पालकांना लॉगिन करून देत होते. एक आजोबा दुसरीतल्या नातीला घेऊन आले. स्क्रीनवर 'आई' आणि 'वडील' अशी दोनच बटणं. ते थबकले. हळूच म्हणाले, "अहो, हिचे आईवडील आता नाहीत. मी काय दाबू?"

तेवढ्यात नातच म्हणाली, "आबा, आई दाब. माझी वेणी तूच घालतोस ना?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि 'आई' दाबलं. पानाच्या वर 'आई' असं नाव उमटलं.

त्याच संध्याकाळी मी त्या आजोबांसाठी दोन्ही पानं एकत्र करून 'आजोबा' असं नवं पान केलं आणि त्यांना फोन करून सांगितलं.

ते म्हणाले, "फी वगैरे दिसू द्या. पण वरचं नाव बदलू नका. ते तिनं दिलंय."