शुक्रवारची यादी

वडिलांना घरी नेणाऱ्या गाडीची वाट बघत हाइडरुन व्हरांड्यात बसली होती. समोर रुग्णालयाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचा फलक होता. त्यापुढे व्हीलचेअरमधला एक म्हातारा खाणकामगार आणि तो इथे दाखल होता त्या वेळच्या सिस्टर.

"वाचा सिस्टर, माझा चष्मा घरी राहिला."

"‘पहिल्या वर्षी मणक्याचे चाळीस रुग्ण. वॉर्डात एकही मृत्यू नाही.’"

"आणि माझ्या शेजारच्या खाटेवरचा आमचा एगॉन?"

"एगॉनला घरी सोडलं होतं."

"पाठीला मूठ जाईल एवढी जखम असताना?"

"दर शुक्रवारी मोठे डॉक्टर यादी करायचे. ज्याचं काही खरं नाही, तो घरी. आम्ही त्याला इस्त्रीचा शर्ट घालायचो."

"खूश होता हो तो. मला म्हणाला, तू बस इथलं सूप ओरपत."

"रविवारी गेला."

"मग ते लिहायला सांगा ना यांना."

"सांगितलं रे लोथार. म्हणाले, घरी गेलेल्यांची नोंद आमच्याकडे नसते."

तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडलं आणि एक तरुण नर्स हसत बाहेर आली.

"चला, गाडी आली. वडील तयार आहेत तुमचे. छान शर्ट घातलाय त्यांना."

हाइडरुन बसूनच राहिली.